नऊ पुरचुंड्या

चूक माझी होती. ती अजाणतेपणी झाली, असं मी अर्धं आयुष्य स्वतःला सांगत आलो, पण ते अर्धंच खरं आहे. पहिली चूक अजाणतेपणी झाली. दुसरी मी पूर्ण शुद्धीत केली, दिवसाढवळ्या, आई-वडील आणि पाहुणे समोर बसलेले असताना, नुसतं एक बोट पुढे करून. पहिल्या चुकीने माझ्या आत्याचा आवाज गेला. दुसरी चूक पंजाबातला एक भला माणूस रोज सकाळी कपाळाला लावत राहिला. हे प्रकरण मी बरीच वर्षं लिहायचं टाळलं. आता टाळण्याजोगं काही उरलेलं नाही.

आमचं गाव पुलगावपासून सायकलने जाण्याच्या अंतरावर होतं. घड्याळ एकच, तेही बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मनगटावर. पण घरात कोणाला वेळ विचारावी लागत नसे. कापडगिरणीचा भोंगा शेतातल्या माणसालाही ऐकू यायचा. त्यापाठोपाठ मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची धडधड यायची. कधी दुपारी लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या दिशेने एक जाड, दबका आवाज येई आणि दाराच्या कड्या आपोआप वाजत. "फौजीयचं काम सुरू हाय," एवढं म्हणून माय पुन्हा तुरीच्या दाण्यांकडे वळायची. चुलीवर ज्वारीची भाकर, पाट्यावर लसूण आणि वाळलेल्या मिरच्या, थंडीत सांबार भरलेली पुडाची वडी. सांबार, म्हणजे बाकी महाराष्ट्राची कोथिंबीर, धुऊन अंगणातल्या बाजेवर पसरलेला असे. तो वास मला अजूनही घर या शब्दाच्या आधी आठवतो.

आमचं घर महानुभाव पंथाचं. परमेश्वर एकच मानायचा, मूर्ती पुजायची नाही, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत सगळ्या गल्लीत आरत्या चालायच्या आणि आमच्या घरी शांतता असायची. आमच्या देवपूजेत होते ते दगड. सातशे-आठशे वर्षांपूर्वी, यादवांच्या राज्यात, पंथाचे स्वामी गावोगाव पायी हिंडले. जिथे ते बसले, जेवले, निजले, त्या जागा आम्हाला वंद्य. आणि त्या जागेवरचा दगड म्हणजे प्रसाद. शेजारची पोरं मला विचारत, "काऊन बे मुरल्या, तुमच्या घरचा देव गोट्या खेळते का?" मी हसून घ्यायचो. मनातून मला त्यांचा राग यायचा, आणि हेही कबूल करतो, त्या दगडांचीही थोडी लाज वाटायची.

गावाच्या टोकाला कडुनिंबाखाली आमच्या पंथाचा छोटा मठ होता. तिथे माझी आत्या राहायची, कमळाबाई. तिने तरुणपणीच संन्यास घेतला होता. काळं लुगडं, कापलेले केस, आणि दोन घरची भिक्षा एकत्र कालवून खाणं. संन्यास घेतल्यावर ती कोणाची बहीण नव्हती की कोणाची आत्या नव्हती. बापू तिचे सख्खे धाकटे भाऊ, पण तेही तिला 'बाई' म्हणत आणि समोर गेले की दंडवत घालत. मीही बाईच म्हणायचो. पण भाकरीवरचा लोण्याचा गोळा ती मला गुपचूप द्यायची तेव्हा मनात आत्याच म्हणायचो, आणि ते तिला कळत असणार.

बाईपाशी एक सागवानी पेटी होती. तिच्यात नऊ पुरचुंड्या. प्रत्येक पुरचुंडीचं कापड वेगळं: एक खादीची, एक हिरव्या खणाची, एक पिवळी, लाल दोऱ्याने बांधलेली, अशा. प्रत्येकीत एकेक दगड, सगळे साधारण लिंबाएवढेच. पहाटे आंघोळ करून आम्ही मठात जायचो. बाई एकेक पुरचुंडी सोडायची, दगड कपाळाला लावायची, आणि तो कुठल्या जागेचा, तिथे स्वामी कोणासाठी थांबले, कोणाच्या हातची भाकर खाल्ली, हे सांगायची. मग तो दगड हातोहात फिरायचा. पिवळी पुरचुंडी गोदावरीकाठची. पंथात गोदावरीला गंगा म्हणतात. "हा गंगाकाठचा," असं म्हणताना बाईचा आवाज ओला व्हायचा. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं. बाईला तिच्या गुरूने सांगितलं, त्यांना त्यांच्या गुरूने. आणि वंदनाच्या वेळी आम्ही सगळे डोळे मिटून बसायचो. आमच्या घरची तशी रीतच होती. आज वाटतं, तीच रीत मला भोवली. त्या नऊ दगडांच्या गोष्टी मला पाठ होत्या, पुरचुंड्या मी अंधारातही ओळखल्या असत्या, पण दगडांकडे मी जन्मात कधी नीट पाहिलं नव्हतं.

हिवाळ्यात पंजाबातून हरबन्सजी यायचे. आमचा पंथ जुन्या काळी पार काबूलपर्यंत गेला होता, आणि पंजाबातली काही घरं अजूनही तो पाळतात. हरबन्सजी उंच, गोरेपान, हाताच्या पंजात माझं डोकं मावेल असे. मराठी ते पोथ्यांतून शिकले होते, त्यामुळे त्यांची मराठी थेट यादवांच्या काळातली. एकदा पुलगाव स्टेशनसमोरच्या चहावाल्याला त्यांनी विचारलं, "उदक असे?" चहावाला माझ्याकडे वळला. "काय मांगून राह्यले हे?" मी म्हटलं, "पाणी." तो म्हणाला, "मंग सरदारजीले सांगजो, हिंदीत मांगा. इतकं शुद्ध मले नाई समजत." हरबन्सजी शीख नव्हते, पण त्यांनी ते 'सरदारजी' मोठ्या मनाने सोडून दिलं आणि दोन गिलास उदक प्यायले. घरी हा किस्सा सांगितला तर बापू हसून हसून खोकले. "बाप्पा! आपली बोली आपल्यापेक्षा त्याईनंच जपली म्हना की."

मी वर्ध्याला कॉलेजात गेलो आणि इतिहास घेतला. जवळच पिपरी मेघेला एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. मध्ययुगीन जग शिकवणारे सर मला देवासारखे वाटत. राज्यकर्ते धर्माला आश्रय का देतात, आश्रय का काढून घेतात, आणि या दोन्हींच्या मधून भाषा, धान्य, कापड, गोष्टी एका मुलखातून दुसऱ्यात कशा झिरपतात, हे ते बगदादपासून चीनपर्यंत हात फिरवत सांगायचे. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हे सगळं आमच्या मठात बसलेलं आहे. राजदरबारातल्या लोकांना खुपलेला पंथ, मग राज्यच बदललं तेव्हा डोंगरात गेलेली माणसं, पोथ्यांसाठी त्यांनी केलेली गुप्त लिपी, पुढे कुठल्या बादशाहीतून काबूलला पोचलेली मराठी. ज्याची लाज वाटायची त्याचा मला एकाएकी गर्व वाटू लागला. लाज आणि गर्व ही एकाच घरची भावंडं असतात, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

त्या वर्षी बाईचे डोळे फार अधू झाले. मोतीबिंदू. नागपूरला ऑपरेशन ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं आणि पेटी माझ्या मांडीवर ठेवली. "मुरल्या, दवाखान्यात कोनाकोनाचे हात लागन. तुह्यापाशी राहू दे. रोज वंदन करजो, चुकू नको." मी म्हटलं, "बापूपाशी ठेवा ना, बाई." ती म्हणाली, "तुह्या बापाले गोष्टी याद नाई राहत. तुले राहतेत." बापू बाजूलाच होते. ते खाली मान घालून हसले, आणि माझी छाती फुगली.

त्याच आठवड्यात कॉलेजात इतिहासाचं प्रदर्शन होतं. एकाने बगदादच्या बाजाराचा तक्ता केला होता, एकीने रेशीम मार्गाचा नकाशा, कोणी पुठ्ठ्याची मशीद, कोणी चिनी मातीच्या म्हणून घरच्याच बरण्या. मी पेटी घेऊन गेलो. काळ्या कापडावर नऊ दगड मांडले, प्रत्येकापुढे गावाच्या नावाची चिठ्ठी ठेवली आणि रिकाम्या पुरचुंड्या पिशवीत भरल्या. माझ्या खोलीतला दिनेश आला आणि म्हणाला, "काय बे, डांबर कुठं हाय? गिट्टी तर आनली." सगळे हसले. पण सर आले आणि त्यांनी वाकून एकेक चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, "बाकीच्यांनी मध्ययुग पुस्तकातून आणलं. याने घरून आणलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्राचार्यांना भेटवायला घेऊन गेले. मला चहा मिळाला. मी राजे, धर्म, लिपी यांवर खूप बोललो. एवढं कोणी माझं कधी ऐकून घेतलं नव्हतं.

परत आलो तेव्हा माझं टेबल जागेवर नव्हतं. पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन करायला टेबल कमी पडलं म्हणून ते उचललं होतं. दिनेशने, बिचाऱ्याने अगदी जपून, नऊही दगड चहाच्या ट्रेमध्ये गोळा केले होते आणि चिठ्ठ्यांची नीट गड्डी करून वर ठेवली होती. "एक बी हरवू नाई देला, मोजून पाय," तो म्हणाला. मी मोजले. नऊ होते. एक काळा कुळकुळीत, एकावर पांढरी रेघ. ते दोन चटकन नजरेत भरण्यासारखे, म्हणून मला माहीत होते. उरलेले सात म्हणजे सात करडे दगड. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. ते आमच्या वर्ध्याच्या रस्त्यावरच्या कुठल्याही दगडासारखे दिसत होते.

पिपरीच्या खोलीत मी ते सात दगड कितीतरी वेळ उलटेपालटे केले. मग अंदाजाने एकेक पुरचुंडीत घातला, गाठी मारल्या आणि पेटी बंद केली. राज्यं बुडाली, राजे बदलले, माणसं परागंदा झाली, तरी कोणी ना कोणी ज्या गोष्टी तोंडाने पुढे देत आलं होतं, त्या मी एका दुपारी, एका कप चहासाठी मोडल्या. हे वाक्य मला आज सुचतं. त्या दिवशी फक्त एवढंच वाटलं: कोणाला कळणार आहे?

बाई परत आली ती डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. पट्टी निघाली तेव्हा तिला कित्येक वर्षांनी स्वच्छ दिसू लागलं. कडुनिंबाचं एकेक पान दिसतं म्हणून ती लहान मुलीसारखी खूश झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे वंदन. त्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत. काळा झाला, रेघवाला झाला, दोन्हींच्या गोष्टी झाल्या. मग तिने हिरवी पुरचुंडी सोडली, दगड हातात घेतला आणि तोंड उघडलं. तिचा अंगठा त्या दगडावरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. तिने तो दगड उजेडात धरला. मग मिटलेल्या डोळ्यांच्या सगळ्या माणसांवरून तिची नजर फिरत माझ्यावर आली, कारण उघडे डोळे माझेच होते. दगड कपाळाला लावला आणि गोष्ट न सांगताच बापूंच्या हातात दिला. पुढचे सगळे दगड तसेच गेले. घरी येताना माय म्हणाली, "आज बाई गोष्ट काऊन नाई बोलल्या?" बापू म्हणाले, "आपरेशनचा थकवा हाय."

थकवा नव्हता. त्यानंतर बाईने त्या सात दगडांच्या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत. ज्या दगडाची खात्री नाही त्याची गोष्ट सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं तिला बोलता येत नव्हतं. आणि हे कोणी केलं, हेही ती बोलली नाही. मठातली ती पहाट मुकी झाली. येणारी माणसं हळूहळू कमी झाली. गोष्टींसाठी येणारी पोरं आधी गेली. मी सुट्टीत घरी आलो की ती विचारायची, "कसा हाय अभ्यास?" आणि थांबायची. त्या थांबण्यात माझ्यासाठी जागा ठेवलेली असायची. मी म्हणायचो, "बरा हाय," आणि भाकरी खायचो.

मग हिवाळा आला आणि हरबन्सजी आले. या खेपेला त्यांचं मागणं होतं. त्यांच्या गावी नवा मठ बांधला होता. तिथे ठेवायला बाईपाशी असलेला गंगाकाठचा प्रसाद मिळावा. त्यांचे आजोबा शेवटच्या यात्रेत त्याच जागी जाऊन आले होते आणि मरेपर्यंत तिथलंच बोलत होते. आमच्याकडे उपहाराचं, म्हणजे संन्याशांना आणि पाहुण्यांना वाढायचं, जेवण होतं, पुरणाची पोळी, कढी, वडे. बाईसकट सगळे ओसरीवर बसलेले. पेटी मधोमध. प्रसाद देणं हा मोठा मान, त्यामुळे बापू अगदी भारावले होते. बाईने पेटीचं झाकण उघडलं आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मुरल्या, गंगाकाठचा कोनता रे?"

सगळ्यांना वाटलं, बाई भाच्याचं कौतुक करून राहिली. मायचा चेहरा फुलला. मला मात्र कळलं की हे दार आहे, आणि ते पुन्हा उघडणार नाही. 'बाई, मला माहीत नाही, मी ते मिसळले,' एवढंच म्हणायचं होतं. बापूंकडे पाहिलं. हरबन्सजींनी प्रसाद घ्यायला पागोट्याचा पदर मांडीवर पसरून त्यावर दोन्ही पंजे उघडे ठेवले होते. मी बोट पुढे केलं. "पिवळी पुरचुंडी, बाई."

नंतर कित्येक वर्षं मी याच्या आडोशाला राहिलो. मी पुरचुंडी कोणती ते सांगितलं, दगड कोणता ते सांगितलं नाही. म्हणजे मी खोटं बोललो नाही! वकिलाने सुद्धा लाजावं असा हा बचाव मी आत्यापुढे मनातल्या मनात मांडत असे. बाईने ती पुरचुंडी उचलली, क्षणभर मुठीत धरली आणि हरबन्सजींच्या पदरात ठेवली. "मुरल्यानं सांगतलं," ती म्हणाली, "म्हंजे तोच." ते ओक्साबोक्शी रडले. मी हात धुवायला उठलो.

बाई पुढे काही वर्षांनी गेली. शेवटच्या आजारात मी नोकरीच्या निमित्ताने लांब होतो. निमित्त खरं होतं, पण ते मी घट्ट धरून ठेवलं होतं. तिचा निरोप होता की पेटी मुरल्यापाशी जाऊ द्या. ती आजही वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या माझ्या घरात आहे. रोजचं वंदन माझी बायको सुनंदा करते. मी शाळेला उशीर होतो म्हणून आधी निघतो. मी इतिहास शिकवतो. मध्ययुगातली सांस्कृतिक देवाणघेवाण हा धडा दर वर्षी येतो, आणि मुलं दर वर्षी विचारतात की सर, एवढ्या जुन्या गोष्टी टिकल्या कशा. मी पुस्तकातलं उत्तर देतो.

या हिवाळ्यात हरबन्सजींचा नातू फोनवर बोलला. आजोबा नव्वदीच्या घरात आहेत, चालता येत नाही, पण एक इच्छा आहे. प्रसाद घेऊन येतो आहोत. मरायच्या आधी तो त्याच्या स्वतःच्या जागेवर, गंगाकाठी, एकदा टेकवायचा आहे. सोबत मुरलीधर हवा, कारण प्रसाद कोणता ते त्यानेच दाखवलं होतं.

वर्ध्याला त्यांना गाडीतून उतरवून घेतलं तेव्हा ते चाकाच्या खुर्चीत सहज मावत होते, एवढे लहान झाले होते. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मुरलीधरा, कुशल असे?" मी त्यांची पिशवी उचलली. रात्रभर ते आमच्या बैठकीत निजले, पिवळी पुरचुंडी उशाशी ठेवून. तिचं कापड विरून पांढरट झालं होतं, लाल दोरा मात्र नवा होता.

सकाळी सुनंदाने वंदनाची तयारी केली. हरबन्सजींनी आपली पुरचुंडी बाकीच्या आठांत ठेवली. पुन्हा नऊ झाल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. मी म्हटलं, "आज डोळे उघडे ठेवा." त्यांनी उघडले. मी काळा दगड घेतला, त्याची जागा सांगितली, गोष्ट सांगितली. बाईचेच शब्द, जसेच्या तसे आले. रेघवाल्याची सांगितली. मग हिरवी पुरचुंडी सोडली, दगड कपाळाला लावला आणि म्हणालो, "हा कुठला, मला माहीत नाही." तो सुनंदाच्या हातात दिला. ती माझ्याकडे पाहतच राहिली. पुढचा घेतला. "हा कुठला, मला माहीत नाही." असं करत शेवटी पिवळी राहिली. ती मी सोडली नाही. तशीच हरबन्सजींच्या पायांवर ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकवलं.

"हरबन्सजी, हा गंगाकाठचा आहे की नाही, हे तेव्हाही मला माहीत नव्हतं. मी सगळे मिसळले होते, मोठेपणासाठी. बाईने मला खरं सांगायला जागा दिली होती, आणि मी तुमच्या पदरात खोटं टाकलं. तुम्ही इतकी वर्षं ते कपाळाला लावलं. आता गंगेवर जायचंच असेल तर सातही घेऊन जाऊ, सातही टेकवू. यातला एक तिथला आहे. कोणता, ते मी घालवलं. मला माफ करा." आणि मग माझ्या तोंडून, 'बाई' या मानाला नाही, काळ्या लुगड्याला नाही, लोण्याचा गोळा देणाऱ्या हाताला उद्देशून निघालं, "आत्या, मले माफ कर. मले माहीत नाई, कोनता हाय तो."